स्पिटफायरला जुनं इंजिन बसवायचंय? मग नुसतं इंजिन नका शोधू, अख्खा सेट शोधा

प्रश्न थोडक्यात असा: विचारणाऱ्या दादांकडे १९६८ची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ३ आहे, इथेच इंदूरात उभी. मूळ १२९६ सीसीचं इंजिन गरम होऊन ब्लॉकला क्रॅक गेलाय, मिस्त्री म्हणाला हे आता कबाडीला द्या, आणि दादांना लाखभरात एखादं जुनं पण धडधाकट इंजिन टाकून गाडी चालती करायची आहे. कुठलं घ्यावं, कुठे मिळेल, आणि घेताना फसू नये म्हणून काय बघावं.

एका ओळीत उत्तर पाहिजे तर मारुती जिप्सीचं १.३ लिटर एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमावर पेट्रोल फवारणारं) इंजिन, त्याच्याच गिअरबॉक्ससकट. पण हे काम एका ओळीत होत नाही भिया, म्हणून सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

सगळ्यात आधी बजेटचं. स्वॅपच्या, म्हणजे एका गाडीत दुसरीचं इंजिन बसवायच्या कामात इंजिनाची किंमत हा सगळ्यात सोपा खर्च असतो, तो दिसतो, त्यावर घासाघीस करता येते. पैसा खातं ते बाकीचं: फाउंडेशन, म्हणजे इंजिन चॅसीवर धरणारे माउंट बनवायची, प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागे जाणारा फिरता दांडा, कापून नवी करून बॅलन्स करायची, रेडिएटर, सायलेन्सरची पूर्ण लाइन, पेट्रोलचा पंप, वायरिंग, आणि जर इंजिन एका गाडीचं आणि गिअरबॉक्स दुसऱ्याचा असेल तर मधली अडॅप्टर प्लेट, फ्लायव्हील, क्लच, पायलट बुश, हे सगळं खरादवर, म्हणजे लेथ मशीनवर. मी तर सरळ हिशोब धरतो की इंजिन-गिअरबॉक्सचा सेट एकूण बजेटच्या एक तृतीयांशात बसला पाहिजे. म्हणजे तुमचे लाख रुपये जर पूर्ण कामाचे असतील तर सेट तीस-पस्तीस हजारांत बघायचा, आणि लाख रुपये नुसत्या इंजिनाचे असतील तर तीन लाखांची तयारी ठेवा. म्हणूनच म्हणतो, स्वस्त इंजिन म्हणजे कमी किमतीचं इंजिन नाही, ज्याला खरादचं काम सगळ्यात कमी लागतं ते. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

आता मिस्त्रीच्या त्या "कबाडीला द्या" वर येऊ. क्रॅक नेमका कुठे आहे ते त्याने दाखवलं का? बाहेरच्या वॉटर जॅकेटला असेल तर ओतीव लोखंडाच्या ब्लॉकला कोल्ड स्टिचिंग होतं, म्हणजे वेल्डिंग न करता भेगेवर ओळीने पिना बसवून ती बंद करतात, ट्रॅक्टर आणि मोठ्या डिझेल इंजिनांवर हे काम वर्षानुवर्षं चालू आहे. भेग बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीत असेल तर लायनर, म्हणजे आतून नवी नळी, टाकता येतो. मेन बेअरिंगच्या पाळीला, म्हणजे जिथे क्रँक बसतो त्या भिंतीला गेली असेल तर मात्र विषय संपला, तो ब्लॉक सोडून द्या. स्पिटफायरचे पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट, सगळं आजही इंग्लंडमध्ये नवीन बनतं आणि कुरिअरने येतं, कारण त्या गाड्या तिथे अजून भरपूर चालतात, तेव्हा ब्लॉक वाचत असेल तर इथल्या मशीन शॉपकडून बोअर-क्रँक करून घेणं हा स्वॅपपेक्षा कमी डोकेदुखीचा रस्ता आहे. एक गोष्ट तिथेच तपासून घ्या, या इंजिनांत क्रँकच्या मागच्या मेन बेअरिंगला अर्धचंद्र आकाराचे दोन थ्रस्ट वॉशर असतात, ते झिजून खाली चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) पडतात, मग क्रँक पुढे-मागे सरकत ब्लॉकच खातो. ओळखायची पद्धत सोपी, एकाने क्लच दाबायचा, दुसऱ्याने पुढे पुलीकडे बघायचं, पुली डोळ्याला दिसेल इतकी सरकत असेल तर समजून घ्या. सरकायला पाहिजे ते फक्त ४ ते ८ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), डोळ्याला जाणवू नये इतकंच.

आणि काहीही ठरवा, मूळ इंजिन कबाडीला देऊ नका. फुटलेलं का असेना, त्यावर तुमच्या आरसीतला इंजिन नंबर आहे. ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून ठेवा.

आता आरटीओ. हा भाग लोकांना आवडत नाही पण सांगणं भाग आहे. मोटर वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही की ज्यामुळे आरसीवरची माहिती कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन टाकून नंबर बदलून घेणं ही एक गोष्ट, आणि ट्रायम्फमध्ये मारुतीचं टाकणं ही पूर्ण वेगळी गोष्ट. खासगी गाडीची आरसी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रिन्यू करायची असते, तेव्हा इंजिन नंबर बघतात. इन्शुरन्सवाल्याला न सांगता केलं तर अपघाताच्या दिवशी तो हात वर करेल, आणि ते त्याच्या हक्काचं असेल. त्यामुळे इंजिन विकत घ्यायच्या आधी आरटीओत लेखी अर्ज द्या, लेखीच उत्तर घ्या. एजंट म्हणतो "हो जाएगा" त्यावर पैसे लावू नका. उत्तर 'नाही' असं आलं तर स्वॅपवाली गाडी खासगी जागेतल्या हौसेपुरतीच राहते, मग मूळ इंजिनावर खर्च करणं शहाणपणाचं, हे मनाशी आधीच धरून चला.

याच्याच बाजूला आणखी एक. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले, पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी, मूळ रूपात ठेवलेली, चॅसी-बॉडी-इंजिनात मोठा बदल न केलेली, तिला वेगळं रजिस्ट्रेशन मिळतं, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. रोज फिरवायला नाही हां, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेणं एवढंच. तुमची १९६८ची गाडी वयाने यात बसते, पण जिप्सीचं इंजिन टाकलंत की हा दरवाजा बंद. आणि किमतीचं म्हणाल तर इंदूरकरांना वेगळं काय सांगायचं, यशवंतराव होळकरांची ती गर्नी नटिंग बॉडीची ड्यूसेनबर्ग एसजे आज जगभर नावाजली जाते ती सुपरचार्जरवाल्या आठ सिलिंडरच्या मूळ इंजिनासकट. स्पिटफायर काही ड्यूसेनबर्ग नाही, मान्य, पण नियम तोच लागतो, मूळ इंजिन असलेली गाडी विकताना वेगळाच भाव येतो.

बरं, हे सगळं वाचूनही स्वॅपच करायचा आहे, किंवा मूळ इंजिन होईपर्यंत चॅसी न कापता दुसरं बसवायचं आहे, तर मग पर्याय बघू.

पहिला पर्याय कोणी सुचवत नाही तो, स्टँडर्ड हेराल्ड. मद्रासला बनायची, नंतर त्याचीच गझेल झाली. तिचं ९४८ सीसी इंजिन हे तुमच्या स्पिटफायरच्या इंजिनाच्याच घराण्यातलं आहे, स्ट्रोक तोच ७६ मिलिमीटर, बोअर लहान, ६३ विरुद्ध ७३.७. फाउंडेशनची, चॅसीची तोडफोड लागत नाही, कारण स्पिटफायरची चॅसीच मुळात हेराल्डवरून आली. क्लच-फ्लायव्हीलचं थोडं बघावं लागेल. ताकद मात्र पस्तीस-चाळीस घोडे, तुमचं मूळ इंजिन ७५चं, म्हणजे गाडी चालेल पण स्पोर्ट्स कार म्हणायला जीभ उचलणार नाही. तरी इंजिनाचं घराणं तेच राहतं, आरटीओत बोलायला तोंड राहतं (सीसी बदलतो, ते विचारूनच), आणि उद्या मूळ इंजिन तयार झालं की गाडीला एकही भोक न पडता परत बसतं. कोणाच्या वाड्यात हेराल्ड सडत असेल तर ती सोडू नका, इंजिन नाही तरी डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) आणि पुढचं सस्पेन्शन कामाला येईल.

दुसरा, प्रीमियर ११८ एनई. फियाट १२४ची बॉडी आणि आत निसानचं ए१२, ११७१ सीसी, ५२ बीएचपी, पुशरॉड, कार्बोरेटर, ईसीएमची, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची कटकट नाही. अरुंद इंजिन आहे, बॉनेट उघडलं तर जुन्या काळचंच वाटतं. मला मनापासून आवडतं हे इंजिन. अडचण एकच, आता धड ११८ एनई मिळत नाही, आणि मिळाली की मालक भाव असा सांगतो जशी कोहिनूर विकतोय.

तिसरा, आणि हा आपल्या इंदूरचा लाडका, काँटेसाचं इसुझु. १८१७ सीसी, पाच गिअर. हिंदुस्तान मोटर्सचा या इसुझु इंजिनांचा आणि गिअरबॉक्सचा कारखाना इथेच पीथमपूरला होता, नंतर त्याची अॅवटेक झाली, त्यामुळे ही इंजिनं हातावर खेळवलेली माणसं आजही इंदूर-पीथमपूर-महू पट्ट्यात भेटतात. अँबॅसडर १८०० आयएसझेडमध्येही हेच. पार्ट मिळतो, ज्ञान मिळतं, आवाज भारी. मग नाही का म्हणतो? कारण वजन. लोखंडी ब्लॉक, आणि स्पिटफायर सगळी मिळून सातशे किलोच्या आसपासची गाडी, नाकावर जास्तीचं वजन टाकलं की तिची सगळी मजा, म्हणजे वळणावरची, ती जाते. शिवाय टॉर्क जास्त, आणि स्पिटफायरचं डिफरन्शियल हेराल्डचंच, छोटंसं, त्याला हा भार सोसत नाही, मग डिफ बदला, हाफ शाफ्ट बदला, मग ब्रेक बदला... खर्चाला शेवट नाही. इसुझु काँटेसातच शोभतं, आणि फार तर फियाट ११००च्या हौशी लोकांना.

ईकोचं १.२ लोक सुचवतात, मागच्या चाकावर चालणारी आहे आणि भरपूर मिळते म्हणून. पण ते इंजिन सीटखाली आडवं कलतं बसवलेलं असतं, गिअर केबलने पडतात, उभं करून बसवायचं तर चेंबरपासून सगळं बघावं लागतं. नवखा माणूस असाल तर यात पडू नका. इनोव्हाचं २ लिटर पेट्रोल मिळालं तरी घेऊ नका, कारणं इसुझुवालीच, आणखी मोठी.

आता जिप्सी. जिप्सीत तीन वेगवेगळी इंजिनं आली हे आधी डोक्यात ठेवा, सुरुवातीला ९७० सीसी, मग किंगमध्ये १२९८ सीसी आठ व्हॉल्व्ह कार्बोरेटर साठेक बीएचपी, आणि नंतर तेच सोळा व्हॉल्व्ह एमपीएफआय, ८० बीएचपी आणि १०३ न्यूटन मीटर. तुमच्या स्पिटफायर मार्क ३चे आकडे काय? ७५ बीएचपी आणि ७५ पाउंड-फूट, म्हणजे साधारण १०२ न्यूटन मीटर. बघा किती जवळ आहे! म्हणजे डिफ, शाफ्ट, ब्रेक, कशावरही जास्तीचा भार नाही, जे इंग्रज इंजिनिअरने हिशोब करून दिलं त्यातच बसतं. इंजिन अॅल्युमिनियमचं, ब्लॉक आणि हेड दोन्ही, त्यामुळे नाक उलट हलकं होतं.

खरी गंमत गिअरबॉक्समध्ये आहे. बाकी बऱ्याच फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, गिअरबॉक्सला चिकटलेली असते, वेगळी करता येत नाही. जिप्सीत ती सुटी आहे, गिअरबॉक्स वेगळा, मध्ये एक छोटी शाफ्ट, मग ट्रान्सफर केस. म्हणजे ट्रान्सफर केस बाजूला ठेवा, उरतो तो साधा, लहान, मागच्या चाकाचा पाच गिअरचा गिअरबॉक्स, लिव्हर वरून डायरेक्ट. ती मधली छोटी शाफ्टही नक्की मागून घ्या, कबाडी फेकून देतो, पण तिचं पुढचं टोक तुमच्या नव्या प्रॉपेलरला लागणार आहे. आणि चौथा गिअर १:१, पाचवा ०.७९५, तुमचं डिफ ४.११ असेल तर १३ इंची चाकावर मूळ गाडी ३००० आरपीएमला जिथे ७७ किलोमीटरच्या आसपास जायची तिथे पाचव्यात ९७च्या आसपास जाईल. महूच्या रस्त्याला एकदा हा फरक अनुभवा, इंजिन ओरडत नाही, माणूस बोललेलं ऐकू येतं.

एस्टीमचं इंजिन याच घराण्यातलं आहे, ८५ बीएचपीचं एमपीएफआय, आणि बेलहाउसिंगचे (इंजिनाला जोडणाऱ्या गिअरबॉक्सच्या तोंडाचे) बोल्ट जिप्सीच्या गिअरबॉक्सला जुळतात. त्यामुळे जिप्सीचा गिअरबॉक्स मिळाला आणि इंजिन जाम झालेलं निघालं, तर एस्टीमवरून काम भागतं, फक्त ते मुळात आडवं बसायचं इंजिन, चेंबर, ऑइलची स्ट्रेनर पाइप, पाण्याचे आउटलेट, मॅनिफोल्ड जिप्सीचे लावायचे. म्हणून मी गिअरबॉक्सला महत्त्व देतो, इंजिन कुठूनही येईल, गिअरबॉक्स सहज येत नाही.

कुठे शोधायचं. लोक सरळ दिल्लीचं मायापुरी किंवा मुंबईचा कुर्ल्याचा सीएसटी रोड म्हणतात. माल तिथे आहे, नाही कशाला म्हणू, पण तिथून आणलेलं इंजिन खराब निघालं तर परत न्यायला कोण जाणार? आधी घरातलं बघा. छोटी ग्वालटोली, ट्रान्सपोर्ट नगर, देवास नाका, लोहा मंडी, इथे एक चक्कर मारून फक्त सांगून ठेवा की जिप्सी एमपीएफआय कटाईला आली की फोन करा. घाई दाखवायची नाही. घाई दाखवली की भाव तिथेच वाढला. सकाळी पोहे खाऊन निघालेला माणूस आणि दोन लाखांची बॅग घेऊन आलेला माणूस, कबाडी दोघांना लांबूनच ओळखतो. बोलणं तिथे हिंदीतच होईल, पण गल्ल्यावर एखादे देशपांडे काका निघाले तर मराठीत सुरू करा, निदान खरं ते सांगतील.

आपल्याला एक फायदा असा की महू छावणी शेजारी आहे. सैन्याकडे वर्षानुवर्षं जिप्सी होत्या, जुन्या झालेल्या गाड्या लिलावात निघतात, त्या मोठ्या लॉटमध्ये जातात, तुमच्या-माझ्यासारख्याने एका इंजिनासाठी लॉट घ्यायचा नाही, पण लॉट घेणारे ठेकेदार असतात, त्यांच्याकडे पोचा. सैन्याची गाडी किलोमीटरने कमी फिरलेली असू शकते पण खूप वेळ उभी राहिलेली असते, त्यामुळे सील कडक झालेले, पाण्याचे रस्ते गंजलेले, हे धरून चला. आणि ती आठ व्हॉल्व्ह कार्बोरेटरवाली आहे की सोळा व्हॉल्व्ह, तिथेच बघा, बोलण्यावर जाऊ नका.

माझ्या मते सगळ्यात चांगला माल म्हणजे मागून ठोकलेली, इन्शुरन्सने टोटल लॉस ठरवलेली अख्खी गाडी. चालत्या गाडीचा अपघात झाला याचाच अर्थ इंजिन त्या दिवशी चालू होतं. अख्खी गाडी घेतली की ईसीएम, संपूर्ण वायरिंग, सेन्सर, पेट्रोल पंप, अॅक्सिलरेटर केबल, रेडिएटर, फाउंडेशनचे रबर, अगदी नट-बोल्टसुद्धा एकाच गाडीचे मिळतात, आणि चावीत इमोबिलायझर असेल तर चावी-ईसीएमची जोडी सुटत नाही. बाकीची गाडी पार्टमध्ये विकून बरेचसे पैसे परत येतात. फक्त कागद नीट पाहिजेत, ज्या गाडीचं इंजिन घेताय तिची आरसी रद्द झालेली असली पाहिजे, आणि बिलावर चॅसी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही लिहून घ्या. बिल देत नाही म्हणाला तर तिथून उठा, चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर पोलीस तुमच्या दारात येतील, त्याच्या नाही. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला वाटला तरी तसंच.

आता तपासणी. "चालू इंजन है भिया, लगाओ और भागो" हे वाक्य ऐकलं की मी मान हलवतो आणि कंप्रेशन गेज काढतो. गाडीत असताना बघायला मिळालं तर सोनं, थंड इंजिन सुरू करायला सांगा, आधीच गरम करून ठेवलं असेल तर हात लावून कळतं, मग विचारा कशासाठी. सुरू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडा, भकाभका धूर आला म्हणजे बॅक कंप्रेशन मारतंय, रिंग-पिस्टन गेले. झाकणाखाली पांढरट लोण्यासारखं काही असेल तर पाणी ऑइलमध्ये जातंय. रेडिएटरमध्ये बोट घालून बघा, तपकिरी पाणी म्हणजे मालकाने आयुष्यभर नळाचं किंवा बोअरवेलचं पाणी घातलं, कूलंट कधीच नाही, आणि अॅल्युमिनियमच्या इंजिनाला हे विष आहे, हेडच्या पाण्याच्या भोकांभोवती धातू खाल्लेला असतो, गॅस्केट टिकत नाही. हेड उघडायची परवानगी मिळाली तर हे आधी बघा.

कंप्रेशन घेताना चारही प्लग काढायचे, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, बॅटरी दमदार पाहिजे. आकड्यापेक्षा चौघांतला फरक बघा, चारही सिलिंडर सारखे थोडे कमी असतील तर चालेल, तीन चांगले आणि एक पडलेला असेल तर नको. पडलेल्यात चमचाभर ऑइल सोडून परत घ्या, वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. मोबाइलला लागणारा छोटा कॅमेरा आता स्वस्तात मिळतो, प्लगच्या भोकातून आत घाला, बोअरवर उभ्या रेघा दिसतात का बघा, कबाडी हसेल, हसू द्या.

जमिनीवर पडलेलं इंजिन असेल तर सेल्फ फिरवायला बेलहाउसिंग लागतं, म्हणूनही गिअरबॉक्ससकट घ्या म्हणतो. पान्याने क्रँक हाताने दोन फेरे फिरवा, कुठे अडकतंय का. पुढच्या पुलीचा बोल्ट आणि तिची चावी बसते ती खाच नीट बघा, कोणीतरी बोल्ट ढिला ठेवून गाडी पळवली असेल तर क्रँकचं तोंड खाल्लेलं असतं आणि ते नंतर टायमिंग बिघडवत राहतं. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, पुढचा-मागचा ऑइल सील, क्लच प्लेट, हे कितीही चांगलं दिसलं तरी बसवायच्या आधी नवीन, कारण आता ते टेबलावर आहे, तासाभराचं काम आहे, गाडीत गेल्यावर दिवसाचं होतं.

एक युक्ती सांगतो, यावर पैसे वाचतात. चांगलं इंजिन घ्याल त्याच दिवशी त्याच जातीचा एक मेलेला, फुटका ब्लॉक-हेड भंगाराच्या भावात घेऊन या. सगळं मोजमाप, फाउंडेशनचं वेल्डिंग, सायलेन्सरची पाइप, सगळं त्या डमीवर करा. तो हलका, ठोकला तरी चालतो, वर-खाली करायला दोन माणसं पुरतात. स्पिटफायरचं अख्खं बॉनेट पुढे उलटतं त्यामुळे काम करायला जागा अशी की दुसऱ्या कुठल्या गाडीत मिळणार नाही. मोजायचं काय, तर चेंबरचा खोल भाग कुठे येतो आणि स्टिअरिंगची रॅक आणि पुढचा क्रॉस मेंबर कुठे, सायलेन्सरचा मॅनिफोल्ड स्टिअरिंग कॉलमला लागतो का, हेडच्या मागची डिस्ट्रिब्युटरची जागा आणि फायरवॉल, बॉनेट बंद केल्यावर वर किती उरतं, आणि गिअर लिव्हर मूळ भोकातून येतो का. शक्य असेल तर चॅसी कापू नका, मूळ फाउंडेशनच्या बोल्टांवर बसणारे ब्रॅकेट बनवा, सांवेर रोडला किंवा पोलोग्राउंडला चांगला फॅब्रिकेटर धरा, रस्त्यावरच्या वेल्डरकडून नको.

लोक विसरतात ते सांगून ठेवतो. जिप्सीत स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसवर लागते, ती तुम्ही काढून टाकली, म्हणजे स्पीडोमीटर मेलं. एक तर जीपीएसवाला लावा किंवा प्रॉपेलरवर सेन्सर बसवून घ्या, आणि हे प्रॉपेलर बनवतानाच ठरवा.

एमपीएफआयला जोरदार प्रेशरचा पंप लागतो, परतीची लाइन लागते, आणि तुमची टाकी सीटच्या मागे, कार्बोरेटरसाठी बनलेली, आत पडदे नाहीत, वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं की पंप हवा ओढतो आणि इंजिन झटके देतं. मध्ये छोटी सर्ज टाकी लावा, म्हणजे पंपापाशी कायम पेट्रोल राहील. आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, १९६८च्या रबरी नळ्या त्यात खराब होतात, टाकीपासून इंजिनापर्यंत एकही जुनी नळी ठेवू नका. जुनी नळी, पेट्रोलचं प्रेशर आणि शेजारी तापलेला मॅनिफोल्ड, पुढचं काय ते लिहायची गरज नाही.

रेडिएटर जिप्सीचाच लावा किंवा जागेत बसेल तो अॅल्युमिनियमचा, पण इलेक्ट्रिक फॅन आणि थर्मोस्टॅट दोन्ही पाहिजेत. थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडे भारी सवय आहे, "गरम नहीं होगा" म्हणून, एमपीएफआयमध्ये मग ईसीएमला वाटतं इंजिन थंडच आहे, आणि पेट्रोल पिऊन टाकतं. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत पलासियाच्या सिग्नलला उभी करून बघा, तिथे काटा मध्यावर राहिला तर काम झालं.

वायरिंगला इलेक्ट्रिशियन वेगळा घ्या, ज्याने मारुतीचं एमपीएफआय केलंय असा. जिप्सीची वायरिंग कापून छोटी करायची नाही, आधी पूर्ण वायरिंग जमिनीवर पसरून इंजिन स्टँडवरच सुरू करायचं, चेक लाइट विझला की मग एकेक नको असलेली वायर काढायची. गाडीवर वेल्डिंग करताना ईसीएम आणि बॅटरी दोन्ही काढून ठेवा. आणि अर्थ, इंजिनापासून चॅसीला आणि चॅसीपासून बॅटरीला, जाड वायरीने, रंग खरवडून, दोन ठिकाणी. स्वॅपनंतर "कधी कधी बंद पडते" अशी जी गाडी माझ्याकडे येते तिच्यात मी आधी हीच वायर बघतो.